बाई, उतार मला नको

बाई, जायचं ते गेलात, त्याला कोणाचाच इलाज नव्हता. पण जाता जाता उतार मला देऊन गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

मरताना माणसं काय काय देतात. कोणी पाटल्या देतं, कोणी सुनेच्या हाती किल्ल्या देतं, कोणी नुसताच आशीर्वाद देतं. तुम्ही धाकट्या जावेला घरामागच्या बाडीच्या टोकाचा तो उतार दिलात, ज्याच्यावरून आपण दोघी उभा जन्म भांडलो. मागितला तेव्हा दिला नाहीत. मग एक दिवस न मागता दिलात आणि वर भांडायलाही थांबला नाहीत. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गाड्या जुंपून गेले, आणि मी घरभर नुसती फिरते आहे. पुढच्या सपरीतून चुलीपाशी, चुलीपासून मागच्या दारात, दारातून परत. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. तुमच्या केशवची बायको म्हणाली, "काकी, एका जागी बसा ना जरा, पाय दुखतीन." पोरीला काय सांगू? पाय कुठले दुखतात.

म्हणून लिहायला बसले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि मी शिकवते म्हटलं तर "कागद पाहून भात शिजते का?" म्हणून उडवून लावायचात. तेव्हा तुम्ही समोर तांदूळ निवडत बसल्या आहात आणि मी वाचून दाखवते आहे, असं धरून लिहिते. मध्येच तोंड घालाल हे ठाऊक आहे. घाला.

आपल्या घरची रीत माहेरी सांगितली तेव्हा सगळे हसले होते. नवी सून आली की सासू तिला घर दाखवायच्या आधी बाडी दाखवायची आणि एक वाफा तिच्या नावानं मोकळा सोडायची. त्यात तिनं हवं ते लावावं, कोणी बोट दाखवायचं नाही, नवऱ्यानंही नाही. तळी बांधणाऱ्यांचं घराणं. पुरुषांची हयात तळ्यांना मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घालण्यात गेली, गावची सगळी माती जणू त्यांचीच. बायकांना निदान खाटेएवढी तरी माती स्वतःची असावी, असं कुठल्या तरी आजेसासूच्या मनात आलं असेल. भलं होवो तिचं. तुमच्या वाफ्यात लसूण आणि मिरची. मला काय लावावं तेच कळेना, कारण मी गोंदियाची. वडिलांनी शेती भावाच्या हवाली करून स्टेशनाजवळ धान्याचं दुकान घातलेलं, घरात निम्मी हिंदी, अंगणात एक कुंडी आणि तीही फुटकी. सासूबाईंनी विचारलं, "काय लावशीन वो सुमित्रा?" मी ऐटीत म्हटलं, "बगीचा." तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलात की ठसका लागला. आपली पहिली ओळख ती.

दोन्ही वाफे संपले की जमीन बोडीकडे उतरते. मधली ती लांब पट्टी कोणाच्याच नावाची नव्हती. बोडी आपल्याच घराण्यानं कधीकाळी खणलेली, लहानसं तळं, पलीकडच्या काठावर गावच्या बायका पाणी भरतात. दर पावसाळ्यात उताराची माती ओघळून तिच्यात जायची. अर्जुनीकडच्या प्रतापगडच्या यात्रेला गेलो होतो तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. वर महादेवाला जाऊन आलो, दर्ग्यालाही डोकं टेकवलं, कारण त्या म्हणायच्या, एवढा डोंगर चढलो तर कोनाले कायले रुसवाचं? परतताना गाडीत म्हणाल्या, उतार उघडा पडला आहे, काहीतरी लावा, पण दोघी मिळून ठरवा.

म्हणायचाच अवकाश. नाल्याच्या काठी तुम्ही गाडी थांबवलीत, लुगडं खोचून खाली उतरलात आणि इळ्यानं वाळ्याचं ठोंब उकरून आणलंत, मुळांना चिखल लागलेलं. मी काही कमी नव्हते. ज्यांच्याकडे मुक्काम होता त्यांच्या अंगणातल्या जास्वंदीच्या काड्या मी आधीच मागून घेतल्या होत्या. फडकं एकच होतं. त्यात दोन्ही गुंडाळलं, आणि तुमचं गवत माझ्या काड्या चिरडतं की माझ्या काड्या तुमच्या गवताची ओल पितात, यावरून घर येईपर्यंत आपली जुंपली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मले घरी नेऊन सोडता, का इथंच कुठी पेरून टाकता दोघीजनी?"

दुसऱ्या दिवशी मी उठले तर उतारावर ओळीनं वाळा लावून, हात धुऊन, चूल पेटवून तुम्ही मोकळ्या. मी म्हटलं, "दोघींनी मिळून ठरवायचं होतं ना?"

"ठरवलं ना. तू झोपून राहिली होती, मी ठरवलं."

माझ्या काड्या मी रागारागानं माझ्या वाफ्यात खुपसल्या. त्यातली एक जगली. पण उतार माझ्या मनातून गेला नाही तो नाहीच. मला तिथं जास्वंदीची रांग हवी होती, तांबडी, पांढरी, मधे एखादी गुंतवळीसारख्या पाकळ्यांची, म्हणजे सकाळी मागचं दार उघडलं की डोळ्यांना काहीतरी भेटेल, आणि पलीकडच्या काठावरच्या बायका घागर बुडवताना म्हणतील, वा, सुमित्राबाईचा बगीचा पाहा. हो, मला तेही हवं होतं. सांगायला कसली लाज.

आणि तुम्ही म्हणायचात, बाडी काय डोळ्यांसाठी असते?

मी काय काय सांगून पाहिलं. जास्वंद रोज देते. एक काडी खोचा, राख टाका, भांडी घासलेलं पाणी टाका, बाराही महिने देवाला फूल. तेलात उकळून केसांना लावा. तुमचा वाळा काय देतो? पात्याला हात लावला तर हात कापतो. साप लपतो म्हणून पोरं तिकडे फिरकत नाहीत. उन्हाळ्यात कापला की मुंडण केल्यासारखा दिसतो. आणि त्याच्यात जी काय गोडी आहे ती सगळी मुळात. माठात घालायला मूळ हवं तर अख्खं ठोंब उपटा. म्हणजे उपयोग करायचा तर आधी जीव घ्यायचा. मी म्हटलं होतं, "असं कसं हो हे झाड, जे मेल्याशिवाय वासच देत नाही?"

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "झाड नाई ते, गवत हाय. न तुयं फूल संध्याकाळ पायते का? सकाळी उघडते, दिवे लागायच्या आत मिटते. माया वाळा किती उन्हाळे पाहून राहिला, माहीत हाय?"

"बकरी तरी खाते का तुमचा वाळा?"

"नाई खात. म्हणून त राहते. तुयी जास्वंद बकरी खाते, पांढरी कीड खाते, जाता येता देवाच्या नावानं शेजारीन खाते."

शेजारणीचं खरं होतं. वाद तेवढ्यावर थांबता तरी बरं. पण तुम्ही पाळी घालणाऱ्याची लेक. वडील नव्या पाळीवर माती तुडवायला न्यायचे तुम्हा पोरांना, खेळ म्हणून, आणि तिथं जे कानांवर पडलं ते तुम्ही जन्मभर मला ऐकवलंत. पाणी धक्का मारत नाही, फट शोधतं. झाडाचं मूळ जाडजूड, ते मेलं की कुजतं आणि मातीत पोकळी सोडून जातं. गवताचं मूळ केसासारखं, मातीच्या कणाकणाला धरून खाली खाली जाणारं. "पाळीवर गवत, झाड नाई." मी म्हणायची, पाळ त्या बाजूला आहे, हा नुसता उतार आहे आपल्या बाडीचा, आणि जास्वंद मरायच्या आधीच तिच्या मरणाची काळजी कशाला? तर तुम्ही म्हणालात, "बाडीत मेल्यावरचंच पाहाचं असते." तेव्हा मला तुमचा राग आला होता. आत्ताही येतो आहे, पण वेगळा.

एका साली पावसानं शेजाऱ्यांच्या बाडीचा काठ बोडीत नेला आणि आपला उतार जागचा हलला नाही. तुम्ही बोलला असतात तर मी सोसलं असतं. तुम्ही काही बोलला नाहीत. रोज सकाळी राखुंडीनं दात घासत उताराशी जाऊन उभ्या राहायचात, नुसत्या, मला दिसेल अशा. आठवडाभर मी ते पाहिलं आणि शेवटी म्हटलं, "जास्वंद असती तरी राहिला असता." सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तुम्ही त्या दिवशी मला म्हणालात. बरोबर होतं. पण तुमचा तरी कुठं जळला होता?

मृग लागायच्या आधी, नांगर, इळे सगळं बाहेर काढलं की मी मागच्या दारात येऊन म्हणायची, "बाई, यंदा उतार मला द्या." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "नाई." मग मी सगळं पहिल्यापासून सांगायची आणि तुम्हीही सगळं पहिल्यापासून सांगायचात. आमचे हे आणि थोरले भाऊजी त्या दिवशी शेतावर लवकर जायचे. सासूबाई गेल्या, मग थोरले भाऊजी गेले, मग लढाई आली, कापडाला आणि घासलेटाला कंट्रोल आला, लढाई संपली, पण मृगाआधीचं आपलं भांडण एकही साल चुकलं नाही. घरातल्या पोरांना तो सणच वाटायचा.

आता एक सांगते, जे आजवर बोलले नाही.

माझी धाकटी लेक गेली, गोवरात, तेव्हा मी बाडीत पाऊल टाकलं नव्हतं. बाडीतच कशाला, बोलणंच टाकलं होतं. कोणी जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. आमचे हे घाबरून गेले होते. आईला बोलावलं गोंदियाहून, ती रडून परत गेली. तुम्ही रडला नाहीत की समजूत घातली नाहीत. नुसत्या घरातून माझ्या समोरून ये-जा करत राहिलात. मग एका सकाळी काय मनात आलं कोण जाणे, मी मागचं दार उघडलं. आणि पाहते तर माझी जास्वंद गुडघ्याएवढी छाटलेली. एक फांदी ठेवली नव्हती, एक पान नव्हतं. चांगली माझ्या डोक्यावर गेलेली जास्वंद.

मी ओरडले. बाई, मी कशी ओरडले! बोडीवरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. "माझं झाड कोणी तोडलं? कोणाचा हात लागला माझ्या वाफ्याला?" तोंडाला येईल ते बोलले, निम्मं हिंदीत. तुम्ही चुलीपाशी होतात. भाकरी थापायची थांबवून तिथूनच मोठ्यानं म्हणालात, "बोलली! बोलली वो एकदाची!" आणि परत भाकरी थापायला लागलात.

ती जास्वंद पुढे अशी फुटली की छाटायच्या आधी कधी फुटली नव्हती. मी रोज फुलं काढत होते आणि रोज मनात विचारत होते. बाईंनी ती मला ओरडायला लावायलाच छाटली का? की मी बाहेर येत नाही हे पाहून, नेहमीचा दावा साधून, एक अडचण कमी केली? तुमच्या स्वभावात दोन्ही बसत होतं. आणि मी बाडीत येत नव्हते त्या सगळ्या दिवसांत त्या झाडाला पाणी कोण घालत होतं, कारण माती ओली होती, तेही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "मले कुठी वेळ" म्हणाला असतात, आणि ते खोटं मला खरं धरावं लागलं असतं. म्हणून आज विचारत नाही, सांगते. तुम्ही होतात म्हणून मी परत बोलती झाले. हे तुमच्या हयातीत म्हणायला हवं होतं, पण आपल्यात असलं काही म्हणायची सोय नव्हती. आपण वाळा आणि जास्वंद म्हणत राहिलो, बाकी सगळं त्यातच येऊन गेलं असं समजत राहिलो. मी तरी तसं समजत होते.

आणि मग यंदाचा वैशाख. ताप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, उन्हाचा आहे, उतरेल. अर्जुनीचे वैद्य येऊन गेले, काढा दिला, ताप गेला आणि परत आला. तुम्ही खाट मागच्या सपरीत घ्यायला लावलीत, बाडी दिसेल अशी. मी पंख्यानं वारा घालत होते. केशव होता, त्याची बायको होती. मृगाला अजून अवकाश होता, मी काही विषय काढलेला नव्हता. आणि तुम्ही मधेच डोळे उघडून म्हणालात, "सुमे, यंदा उतार तुले. वाळा खनून टाक. लाव तुयी जास्वंद."

मला आधी वाटलं, तापात बोलता आहात. मग वाटलं, चेष्टा. मी म्हटलं, "आधी बऱ्या व्हा. मग भांडू, मग घेईन."

"भांडाले आता दम नाई वो," म्हणालात, आणि कूस वळवलीत. भिंतीकडे. बाडीकडे पाठ केलीत, हे मला अजून पचलेलं नाही.

तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं हेच. त्यानंतर तुम्ही पाणी मागितलंत, केशवला हाक मारलीत, पण माझ्याशी काही बोलला नाहीत. मला दुसरं काहीतरी म्हणायचं होतं हो. मी "भांडू" म्हटलं, कारण दुसरं काय म्हणतात ते मला येत नव्हतं. आणि तुम्ही दिलात, तो हरून दिलात, की मला द्यावंसं वाटून, की जास्वंद छाटली तसाच हाही डाव होता आणि मी ओरडावं म्हणून थांबला होतात? मी ओरडायला हवं होतं का? "नाही घेणार, उठा, उतार तुमचाच आहे" असं खाट हलवून म्हटलं असतं तर? हेच मी घरभर फिरत स्वतःला विचारते आहे. उत्तर कोणत्याच खोलीत नाही.

केशवला असले प्रश्न नाहीत. तो साधा, तुमच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. मरतेवेळचा शब्द त्याच्या लेखी कोरून ठेवलेला. तेरवी संपली तसा तो उताराच्या मागे लागला. मृगाच्या आत सगळा वाळा काढायचा, माती मोकळी करायची, गोंदियाहून माझ्या भाच्याकडून जास्वंदीची कलमं मागवायची. माझ्यासाठीच चाललं होतं सगळं, ओरडणार कोणावर? काल संध्याकाळी त्यानं पहिलं ठोंब खणलं. मुळं धुतली, बांधली आणि माठात सोडली.

घरातल्या सगळ्यांनी पाणी पिऊन वा वा केलं. मी लोटा तोंडाला लावला आणि तो वास आला. बाई, तो वाळ्याचा वास नव्हता, तुमचा होता. तुमच्या लुगड्यांच्या पेटीत तुम्ही वाळ्याच्या मुळांची जुडी ठेवायचात, तुम्ही जवळून गेलात की तोच वास यायचा, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की तो तुमच्या अंगाचाच आहे. मी लोटा खाली ठेवला. घरात दुसरं पाणी नव्हतं. मी तशीच तहानलेली हिंडत राहिले.

आज उजाडल्यावर उताराशी गेले. मुद्दाम पाहायला म्हणून तिथं मी कधी गेलेच नव्हते. भांडायची ती दारातून. वरचं पातं वाळून पिवळं पडलं आहे, पण हातानं बाजूला केलं की बुडाशी हिरवं, एवढ्या उन्हातही. वारा आला की सगळा उतार सळसळतो आणि मग गप्प होतो. मधे काल खणलेला खड्डा. तुम्ही त्या साली इथं येऊन उभ्या राहायचात ते सगळंच मला खिजवायला नसेल. तुम्हालाही डोळ्यांना काहीतरी भेटत असेल इथं. पण कबूल करायचं नाही, कारण बाडी डोळ्यांसाठी नसते.

तेवढ्यात केशव आला, खांद्यावर कुदळ, मागे दोन गडी.

"काकी, तुमी सरका तिकडं. धूळ उडन."

"राहू दे केशव. नाही खणायचं."

तो उभाच राहिला. "काऊन?"

"नाही म्हणजे नाही."

"अवं पन तुमीच त मागत होत्या! माया जलमापासून आयकून राहिलो मी, उतार द्या, उतार द्या. आता आई देऊन गेली त नाई म्हणता?"

"मागत होते. घेतलं का कधी?"

"मंग मागत कायले होत्या?"

तुमचा लेक, तुमच्यासारखाच सरळ कुदळ घालणारा. त्याला कसं सांगू की उतार मिळाला असता तर पुढच्या साली तुमच्याशी बोलायला माझ्याजवळ काय उरलं असतं? तो हळू आवाजात म्हणाला, "काकी, मरतेवेळचा शब्द हाय. मोडला त आईले काय वाटन?"

"तू नको मोडू. मी मोडते. माझ्या डोक्यावर." आणि मग मला रडू आलं, गड्यांसमोर, तेरा दिवसांत आलं नव्हतं तसं. रडत रडतच मी म्हटलं, "तुझ्या आईचं मी एक तरी ऐकलं का रे आजवर? मग आता काऊन ऐकू?"

केशवनं कुदळ खाली ठेवली. गड्यांना जा म्हणाला. जाता जाता म्हणाला, "ठीक हाय. पन हा खड्डा भरा लागन, नाई त पान्यात माती जाईन." तुमचाच लेक.

कालचं ठोंब त्यानं मुळं कापून उकिरड्यावर टाकलं होतं. मी ते शोधून आणलं. वरचं पातं, बोटभर उरलेली मुळं, मधला गड्डा अजून ओला. जास्वंदीची काडी कशी खोचतात ते मला झोपेतही सांगता येईल. गवत मी जन्मात लावलेलं नाही. ते फोडून लावतात की अख्खं, पातं किती कापतात, किती खोल घालतात, पाणी आधी की नंतर, तुम्ही इतकं बोललात पण हे कधी बोलला नाहीत, आणि मी कशाला विचारते! इळ्यानं मधोमध फोडलं. फोडताना पातं बोटाला लागलं, रक्त आलं. दोन्ही तुकडे खड्ड्यात ठेवले, माती लोटली, पायानं दाबली, बोडीतून लोटाभर पाणी आणून घातलं.

मग कमरेवर हात ठेवून उभी राहिले. काय वेडंवाकडं दिसत होतं म्हणून सांगू! एक तुकडा कलंडला होता, दुसरा बहुतेक जास्तच पुरला गेला. तुम्ही पाहिलं असतंत तर दारातूनच आवाज आला असता, काय करून राहिली वो, हात हायेत का पाय, सरक तिकडं. मी मागच्या दाराकडे पाहत थांबले. बराच वेळ थांबले. सूर्य चांगला वर आला, बोडीवर बायका आल्या, भरून गेल्या. कोणी काही बोललं नाही.

मुळं वर राहिली असतील. जास्त खोल गेलं असेल. एवढ्या उन्हात लावतही नसतील, मला काय कळतं? चुकलं असेल तर ओरडा, बाई.